परभाषाध्ययन आणि स्वमग्न प्रौढ : ‘द माइंड ऑफ अ सॅव्हंट’ ह्या ग्रंथाचा पुनर्विचार

१. विषयप्रवेश

परभाषा कशी शिकली जाते ह्या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या अर्धशतकात भाषाविज्ञानात रूढ झाले आहे, त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे. भाषा माणसामाणसांतील व्यवहारातून येते. म्हणून ज्याचा व्यवहार मोकळा त्याचे भाषाध्ययन सुलभ, आणि ज्याचा व्यवहार कुंठित त्याचे भाषाध्ययनही कुंठित, असे ते गृहीत होय. डेल हाइम्स यांची संप्रेषणक्षमतेची कल्पना अध्यापनाच्या क्षेत्रात ज्या रीतीने उतरली ती रीत, जॉन शूमन यांनी मांडलेला सामाजिक अंतराचा विचार, आणि स्टीफन क्रॅशन यांनी पुरस्कारिलेली भावनिक गाळणीची उपपत्ती, ह्यांचे मार्ग भिन्न असले तरी ते ह्या एका गृहीतापाशी येऊन मिळतात.

कोणत्याही गृहीताची खरी कसोटी त्याच्या सोयीच्या उदाहरणांनी लागत नाही. ती लागते ती अडचणीच्या उदाहरणांनी. स्वमग्न प्रौढ हे ह्या गृहीतापुढील असेच एक अडचणीचे उदाहरण आहे. ज्याला समोरच्याच्या नजरेला नजर देणे जड जाते, गप्पागोष्टींतील अध्याहृत ज्याच्या हाती सहजी लागत नाही, असा मनुष्य प्रौढपणी परकी भाषा शिकू शकतो काय? शिकला तर तो जे शिकला त्याला भाषा म्हणावयाचे काय? हे प्रश्न केवळ मानसचिकित्सेचे नव्हेत. भाषा म्हणजे काय, ह्या आपल्या शास्त्राच्या मूळ प्रश्नाशीच ते निगडित आहेत.

ह्या विषयावर सर्वाधिक चर्चिला गेलेला ग्रंथ म्हणजे नील स्मिथ आणि इयांथी-मारिया त्सिम्प्ली यांचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला ‘द माइंड ऑफ अ सॅव्हंट’ हा होय. त्याची पूर्ती म्हणून ह्याच दोघांनी गॅरी मॉर्गन आणि बेन्सी वोल यांच्या साहाय्याने लिहिलेला ‘द साइन्स ऑफ अ सॅव्हंट’ हा ग्रंथ २०११ मध्ये बाहेर पडला. ह्या दोन ग्रंथांतील पुरावा, त्यावरून काढलेली अनुमाने, आणि त्या अनुमानांतून निसटलेल्या काही गोष्टी यांचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संज्ञेविषयी आणि पूर्वसूरींविषयी

प्रथम संज्ञेविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. ‘ऑटिझम’ हा शब्द ऑइगेन ब्लॉयलर ह्या स्विस मानसचिकित्सकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी घडविला तो स्किझोफ्रेनियातील एका लक्षणासाठी. ‘स्व’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो साधलेला आहे. मराठीतील ‘स्वमग्नता’ ही संज्ञा त्याच वळणावर बनली. तथापि शब्द आपल्यासोबत निर्णयही घेऊन येतात. ‘मग्न’ म्हणताच बुडालेपणाचा आणि बाहेरच्या जगाकडे पाठ फिरविल्याचा भाव उमटतो. मराठीत ‘ध्यानमग्न’ ही प्रशंसा आहे, ‘स्वमग्न’ ही नाही. अभ्यासकाने ही संज्ञा वापरावी, परंतु ती वर्णन नसून नाव आहे हे विसरू नये. ज्या माणसाला दुसऱ्यांशी बोलण्याची मनःपूर्वक इच्छा आहे आणि त्याचे साधन म्हणून जो शब्दकोश उघडून बसला आहे, त्याला आपण केवळ संज्ञेच्या बळावर ‘स्वतःत बुडालेला’ म्हणत असतो.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा बालकांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांतील आठ बोलत होती, तीन बोलत नव्हती. बोलणाऱ्या मुलांच्या भाषेची जी वैशिष्ट्ये कॅनर यांनी टिपली, त्यांपैकी तीन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत: ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा उच्चारणे, ‘मी’ आणि ‘तू’ ह्या सर्वनामांची अदलाबदल, आणि शब्दाला एकाच शाब्दिक अर्थाशी घट्ट धरून राहणे. त्याचबरोबर ह्या मुलांची पाठांतराची शक्ती असामान्य असल्याचेही त्यांनी नोंदविले होते.

ह्यांतील पहिल्या वैशिष्ट्याकडे, म्हणजे अनुकथनाकडे, दीर्घ काळ केवळ दोष म्हणून पाहिले गेले. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्यूडिथ डूकन यांनी दाखवून दिले की, हे अनुकथन निरर्थक नसते. संभाषणातील आपली पाळी राखणे, होकार देणे, मागणी करणे अशी कार्ये ते पार पाडते. पुढे १९८३ मध्ये ॲन पीटर्स यांनी सर्वसाधारण बालकांपैकीही काही जण सुटे शब्द जोडून वाक्याकडे न जाता, अखंड वाक्यखंड उचलून मग त्यांची फोड करीत जातात, असे प्रतिपादिले. म्हणजे अनुकथन हा भाषेचा अभाव नसून भाषेकडे जाण्याचा एक वेगळा रस्ता असू शकतो.

मराठी वाचकाला हा रस्ता अपरिचित वाटू नये. ‘रामः रामौ रामाः’ अशी शब्दरूपावली पाठ करून, अमरकोशाचे श्लोक घोकून, आणि अर्थाची फोड मागाहून करून संस्कृत शिकलेल्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. त्या पद्धतीचे दोष सर्वविदित आहेत आणि तिचे पुनरुज्जीवन करावे असे येथे सुचवावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच की, रूपावलीतून भाषेत प्रवेश करणे ही विकृती नव्हे. परभाषाध्यापनाच्या इतिहासात व्याकरण-भाषांतर पद्धती मागे पडली आणि संभाषणप्रधान पद्धतींचे राज्य आले, तेव्हा ज्या विद्यार्थ्यांचे रूपावलीवर प्रेम होते ते एकाएकी वर्गात उपरे झाले.

३. ग्रंथाचे प्रतिपादन

आता ग्रंथाकडे वळू. ग्रंथांत ज्यांचा निर्देश केवळ ‘ख्रिस्तोफर’ असा येतो, त्या इंग्रज गृहस्थांना दैनंदिन व्यवहारात इतरांच्या देखरेखीची गरज लागते. परिचित परिसरातही वाट शोधणे त्यांना कठीण जाते, हस्तकौशल्याची कामे नीट साधत नाहीत, शब्दाविण बुद्धिचाचण्यांत त्यांचे गुण सरासरीपेक्षा पुष्कळ खाली असतात. परंतु जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, अर्वाचीन ग्रीक, पोलिश, फिनिश, तुर्की, वेल्श, हिंदी अशा पंधराहून अधिक भाषा ते कमीअधिक प्रमाणात वाचू, लिहू आणि भाषांतरित करू शकतात. शब्द व त्यांची रूपे ते ज्या वेगाने ग्रहण करतात तो वेग प्रशिक्षित भाषाभ्यासकांनाही थक्क करणारा आहे.

लेखकद्वयाचा सैद्धान्तिक आधार दुहेरी आहे. एक, चॉम्स्की यांची जन्मजात भाषाशक्तीची कल्पना. दोन, जेरी फोडर यांनी १९८३ मध्ये मांडलेला असा विचार की, मन हे एकसंध नसून स्वतंत्रपणे चालणाऱ्या घटकांचे बनलेले आहे. ह्या दृष्टीने पाहता ख्रिस्तोफर यांचे उदाहरण सोयीचे ठरते, कारण सामान्य बुद्धी क्षीण असूनही भाषाशक्ती शाबूत राहू शकते असे त्यातून निघते.

ह्या प्रतिपादनाचा सर्वात कल्पक भाग म्हणजे ‘एपुन’ नावाच्या कृत्रिम भाषेचा प्रयोग होय. लेखकांनी ही भाषा मुद्दाम रचली. तिचा काही भाग नैसर्गिक भाषांसारखा होता. काही भाग मात्र कोणत्याही मानवी भाषेत आढळणार नाही असा बनविला होता. उदाहरणार्थ, नकारासाठी वेगळा शब्द वा प्रत्यय न योजता केवळ शब्दक्रम बदलावयाचा. किंवा जोर देण्यासाठी ‘नोग’ हा प्रत्यय वाक्यरचना कोणतीही असो, तिसऱ्या शब्दाला लावावयाचा. तिसरा शब्द मोजणे हा शाळकरी मुलाचा खेळ आहे, परंतु मानवी भाषा शब्द मोजीत नाहीत. त्या शब्दांचे गट ओळखतात. प्रयोगाचा निष्कर्ष असा की, एपुनमधील स्वाभाविक भाग ख्रिस्तोफर यांनी आत्मसात केला. वाक्यरचनेवर आधारलेले पण भाषेला अशक्य असे नियम त्यांना अवघड गेले, तर तुलनेसाठी घेतलेल्या विद्यार्थ्यांनी ते सामान्य बुद्धीच्या साहाय्याने उलगडले. शब्द मोजण्याचा नियम मात्र कोणालाच सापडला नाही. उदाहरणे भाषेच्या रूपात पुढे आल्यामुळे विद्यार्थ्यांची सामान्य बुद्धीही त्या वाटेला गेली नाही, असे स्पष्टीकरण लेखक देतात.

ह्या प्रयोगाचे मोल वादातीत आहे. ‘शक्य भाषा’ आणि ‘अशक्य भाषा’ हा भेद तोपर्यंत फळ्यावरच्या चर्चेचा विषय होता. तो ह्या ग्रंथाने प्रत्यक्ष शिकणाऱ्या माणसाशी जोडला. मारियाक्रिस्तिना मुस्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जर्मन भाषकांना इटालियन व जपानी यांचे खरे आणि बनावट असे दोन्ही प्रकारचे नियम शिकवून मेंदूतील क्रिया तपासली, ती ह्याच दिशेने टाकलेली पुढची पायरी होती.

४. प्रतिपादनातील फटी

तथापि हा ग्रंथ बारकाईने वाचता त्यातील पुरावा आणि त्याचे शीर्षवाक्य यांत अंतर पडलेले दिसते.

पहिली फट भाषेच्या आतच आहे. ख्रिस्तोफर यांचे सामर्थ्य शब्दसंग्रह आणि रूपव्यवस्था ह्या दोन अंगांत आहे. वाक्यरचनेच्या बाबतीत मात्र त्यांची परभाषा वारंवार इंग्रजीच्या साच्यात पडते. ग्रीकमध्ये कर्ता गाळता येतो हे त्यांनी आत्मसात केले; परंतु त्याच व्यवस्थेचा भाग मानल्या जाणाऱ्या इतर गोष्टी, जसे कर्ता क्रियापदानंतर येणे, त्यांना तितक्या सहज साधल्या नाहीत. लेखक हे प्रामाणिकपणे नोंदवितात आणि प्रौढपणी परभाषेच्या वाक्यरचनेची मूळ घडण नव्याने बसविता येत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. स्पष्टीकरण ग्राह्य आहे. परंतु मग ख्रिस्तोफर यांच्यात जे असामान्य आहे ते चॉम्स्कीप्रणीत अर्थाने भाषेचा गाभा नव्हे. ते कोश आणि प्रत्ययमाला यांचे ग्रहण आहे. ज्या अंगात ते विलक्षण आहेत ते अंग सिद्धान्ताच्या मध्यभागी नाही, आणि जे मध्यभागी आहे त्यात ते इतर प्रौढ विद्यार्थ्यांसारखेच आहेत. ‘भाषा शाबूत, बुद्धी क्षीण’ हे सूत्र म्हणूनच फार ढोबळ ठरते.

दुसरी फट तुलनेच्या अभावाची आहे. ख्रिस्तोफर यांच्यासमोर ज्याला उभे करावयास हवे होते असा एक मनुष्य ह्या शास्त्राच्या वाङ्मयात आधीच उपस्थित होता. रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये ‘वेस’ ह्या नावाने निर्दिष्ट केलेल्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवाईत राहणारा हा मनुष्य अत्यंत मिळूनमिसळून वागणारा, गप्पिष्ट, इंग्रजी बोलण्यास सदैव उत्सुक असा होता. शूमन यांच्या विचारानुसार त्याचे इंग्रजी झपाट्याने सुधारावयास हवे होते. संभाषणात तो खरोखरच वाकबगार झाला. परंतु तीन वर्षांच्या निरीक्षणात अनेकवचनाचे व भूतकाळाचे प्रत्यय, उपपदे ह्या बाबतींत त्याची प्रगती नगण्य राहिली.

वेस आणि ख्रिस्तोफर यांना शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. एकापाशी व्यवहार आहे आणि रूपे नाहीत. दुसऱ्यापाशी रूपे आहेत आणि व्यवहार तोकडा आहे. व्यवहारातून रूपे आपोआप येतात, हे वेसच्या उदाहरणाने अमान्य होते. व्यवहाराविना रूपे येत नाहीत, हे ख्रिस्तोफर यांच्या उदाहरणाने अमान्य होते. श्मिट यांनी पुढे १९९० मध्ये असे मांडले की, परभाषेतील जे रूप विद्यार्थ्याच्या ध्यानात येते तेच तो ग्रहण करतो. वेस आशयाकडे पाहत होता, रूपाकडे नव्हे. स्वमग्न माणसाची तपशिलावर खिळणारी दृष्टी, जिला उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये समग्राची जुळणी शिथिल असल्याचे चिन्ह मानले, तीच परभाषेच्या वर्गात लाभाची ठरू शकते. स्मिथ आणि त्सिम्प्ली यांना ही तुलना सुचली असती तर त्यांचा ग्रंथ मनाच्या घटकांच्या वादापुरता न राहता परभाषाध्ययनशास्त्राच्या मर्मावर आला असता.

तिसरी फट अधिक गंभीर आहे. विनोद, उपरोध, अलंकारिक प्रयोग, प्रश्नाच्या रूपातील विधान हे ख्रिस्तोफर यांना अवघड जाते; त्यांच्या मातृभाषेतही, संदर्भामुळे शब्दक्रम बदललेली वाक्ये ते अशुद्ध म्हणून नाकारतात. लेखक ह्याचा संबंध दुसऱ्याच्या मनातील समजूत ओळखण्याच्या क्षमतेशी जोडतात. ह्या क्षमतेची प्रसिद्ध चाचणी सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये वापरली. तीत वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा अनुत्तीर्ण झाली. परंतु ही चाचणी स्वतःच भाषेतून दिली जाते. फ्रान्सेस्का हॅपे यांनी १९९५ मध्ये दाखविले की, स्वमग्न व्यक्तींचे ह्या चाचणीतील यश त्यांच्या शाब्दिक प्रगतीशी निगडित असते. मग कार्यकारणाची दिशा कोणती? दुसऱ्याचे मन कळते म्हणून भाषा येते, की भाषा येते म्हणून दुसऱ्याचे मन कळू लागते? ‘तिला वाटते की चेंडू टोपलीत आहे’ असे वाक्य रचता येणे हेच कदाचित तिच्या समजुतीपर्यंत पोहोचण्याचे साधन असेल. ही शक्यता खरी असेल, तर स्वमग्न प्रौढाला भाषा शिकविणे ही चैन नसून ती त्याच्या हाती दिलेली काठी आहे.

शिवाय संभाषण फसते तेव्हा दोष एकाच पक्षाच्या पदरी का घालावा, हा प्रश्न डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये उपस्थित केला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांनाही त्याचे मन कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये केलेल्या अभ्यासात, एकाने दुसऱ्याला व दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत न्यावयाची अशी साखळी योजली होती. सर्वच स्वमग्न असलेल्या साखळ्यांत माहिती तितकीच टिकली जितकी सर्वच इतर असलेल्या साखळ्यांत टिकली. गळती झाली ती मिश्र साखळ्यांत. १९९५ च्या ग्रंथाला हा पुढचा विचार ठाऊक असणे शक्य नव्हते, म्हणून त्याला दोष देता येणार नाही. परंतु तो ग्रंथ आज वाचताना हा विचार बाजूला ठेवता येणार नाही.

२०११ च्या ग्रंथात ख्रिस्तोफर यांना ब्रिटिश खुणांची भाषा शिकविण्याचा प्रयोग वर्णिला आहे. ही निवड मार्मिक आहे. खुणांची भाषा हातांनी आणि चेहऱ्याने बोलावयाची असते. ख्रिस्तोफर यांच्या हातांची हालचाल सफाईदार नाही आणि चेहऱ्याकडे पाहणे ते टाळतात. तरीही ह्या भाषेच्या पुष्कळशा व्याकरणात त्यांची प्रगती तुलनेच्या विद्यार्थ्यांइतकी झाली. जेथे हाताचा आकार वस्तूचा वर्ग दर्शवितो आणि अवकाशातील हालचाल त्या वस्तूची हालचाल दर्शविते, तेथे मात्र ते स्पष्टपणे मागे पडले. ज्या अंगाला अवकाशाची जाण लागते तेवढेच अंग दुबळे राहिले आणि बाकीची भाषा पुढे गेली, हे दाखविण्यात ह्या दुसऱ्या ग्रंथाचे यश पहिल्यापेक्षा अधिक नेमके आहे.

५. असामान्यांच्या आडचे सामान्य

ह्या दोन्ही ग्रंथांची मोठी मर्यादा त्यांच्या विषयाच्या निवडीतच आहे. डॅनियल टॅमेट यांच्यामुळे ती अधिकच ठळक होते. १९७९ मध्ये लंडन येथे जन्मलेल्या टॅमेट यांनी २००४ मध्ये ऑक्सफर्ड येथे ‘पाय’ ह्या संख्येचे २२,५१४ अंक तोंडपाठ म्हणून दाखविले. त्यानंतर एका चित्रपटासाठी आठवड्याभरात आइसलँडिक भाषा शिकून त्यांनी तेथील दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली. ‘बॉर्न ऑन अ ब्लू डे’ हे त्यांचे आत्मकथन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्मकथन हा प्रयोगशाळेतील पुरावा नव्हे, आणि आठवड्याची मुलाखत म्हणजे भाषाप्रभुत्वही नव्हे. परंतु येथे शिकणारा स्वतः बोलतो आहे. स्मिथ आणि त्सिम्प्ली यांच्या ग्रंथात ख्रिस्तोफर यांचे उच्चार आहेत, त्यांचे निर्णय आहेत, चुका आहेत. त्यांना भाषा का शिकावीशी वाटते ह्याला मात्र त्या मांडणीत गौण स्थान आहे.

असामान्यांच्या ह्या कथांचा एक दुष्परिणाम असा की, वाचकाच्या मनात स्वमग्न माणसाची दोनच चित्रे उरतात: एक मुक्या बालकाचे, दुसरे चमत्कार करणाऱ्या प्रौढाचे. ह्या दोहोंच्या मध्ये असंख्य माणसे आहेत. ती कचेरीत काम करतात, परप्रांतात वा परदेशात जातात, नोकरीसाठी जर्मन किंवा जपानी शिकतात. त्यांना आठवड्यात भाषा येत नाही. इतरांप्रमाणेच त्यांना वर्षे लागतात. त्यांच्या अध्ययनाचा सूक्ष्म वृत्तान्त ख्रिस्तोफर यांच्या वृत्तान्ताइतक्या तपशिलाने आपल्यापुढे आला पाहिजे. सिद्धान्ताची खरी कसोटी तेथे लागेल.

ह्या सामान्य स्वमग्न प्रौढाच्या बाबतीत एक मुद्दा सैद्धान्तिकदृष्ट्या विशेष लक्षणीय वाटतो. मातृभाषेतील शिष्टाचार कोणी कोणाला शिकवीत नाही. तो ज्याने त्याने उचलावयाचा असतो. निरोप घेताना मराठी मनुष्य ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. एखादी मागणी ऐकून ‘बघू’ म्हटले, तर बहुधा काही बघावयाचे नसते. ‘आपण’ ह्या एका शब्दाने बोलणारा कधी ऐकणाऱ्याला स्वतःत सामावून घेतो, कधी त्याला आदराने दूर ठेवतो, तर कधी ‘स्वतः’ एवढाच अर्थ सांगतो. ज्या मुलाला शब्दाचा शाब्दिक अर्थच प्रथम दिसतो, ते मूल ह्या प्रत्येक ठिकाणी ठेचकाळते, आणि त्याला मदत न मिळता हसे मिळते. परंतु हीच मराठी जर कोणा परकीयाला शिकवावयाची असेल तर पाठ्यपुस्तकात लिहावे लागते: निरोप घेताना ‘येतो’ म्हणावे. सर्वनामांचा तक्ता द्यावा लागतो. जे मातृभाषेत अध्याहृत होते ते परभाषेत नियम होऊन पुढे येते.

म्हणून एक विपरीत भासणारे विधान करावेसे वाटते. स्वमग्न प्रौढाला काही बाबतींत परभाषा ही मातृभाषेपेक्षा अधिक न्यायाने वागविते. तेथे सर्वच नवखे असतात, चूक अपेक्षित असते, प्रश्न विचारणे मूर्खपणाचे मानले जात नाही. मुस्सो यांच्या प्रयोगाची ह्या संदर्भात पुन्हा आठवण होते. त्यात नकाराचा शब्द तिसऱ्या शब्दानंतर ठेवावयाचा असा बनावट नियम होता, आणि नियम सांगितलेला असल्यामुळे विद्यार्थ्यांना तो वापरता आला. एपुनमध्ये तसाच नियम न सांगता ओळखावयाचा होता, आणि तो कोणालाच ओळखता आला नाही. सांगण्याने पडणारा हा फरक लहान नव्हे.

ह्या विधानाला मर्यादा आहे हेही नमूद केले पाहिजे. नियमाने रूप सांगता येते. प्रसंग पूर्णपणे सांगता येत नाही. ‘येतो’ म्हणावे हे पुस्तक सांगेल. उठण्याची वेळ झाली आहे हे यजमानाच्या कोणत्या जांभईवरून ओळखावे, हे ते सांगू शकणार नाही. ख्रिस्तोफर यांनी मातृभाषेतील संदर्भावलंबी वाक्ये नाकारली ती ह्याच सीमेवर.

६. पुढील संशोधनाची आणि अध्यापनाची दिशा

ही सीमा नेमकी कोठे आहे हे तपासण्यास मराठीचे क्षेत्र अत्यंत अनुकूल आहे. इंग्रजीत शब्दक्रम बहुतांशी व्याकरणाने बांधलेला आहे. संदर्भानुसार होणारा बदल तेथे अपवाद ठरतो. मराठीत ‘मी पुस्तक आणले’, ‘पुस्तक मी आणले’, ‘आणले मी पुस्तक’ हे तिन्ही क्रम नित्याचे आहेत आणि त्यांतील निवड ऐकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे ह्यावर अवलंबून असते. मराठीभाषक स्वमग्न प्रौढ असे बदललेले क्रम अशुद्ध म्हणून नाकारतात काय? नाकारीत नसतील, तर ख्रिस्तोफर यांच्या नकाराचे कारण संदर्भ न उमगणे हे नसून, इंग्रजीत अशी वाक्ये विरळ असणे हेही असू शकेल. मग लेखकद्वयाच्या स्पष्टीकरणात दुरुस्ती करावी लागेल.

दुसरे क्षेत्र इंग्रजी उपपदांचे. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांना समकक्ष उपपदे नाहीत. ह्या दोहोंतील निवड पुष्कळदा ऐकणाऱ्याला ती वस्तू परिचित आहे की नाही ह्यावर ठरते. म्हणजे ती एकाच वेळी व्याकरणाची आणि दुसऱ्याच्या मनाची बाब आहे. इंग्रजी शिकलेल्या मराठी स्वमग्न प्रौढांच्या लेखनात क्रियापदांची रूपे अचूक आणि उपपदे डळमळीत, अशी विषमता इतर मराठी विद्यार्थ्यांपेक्षा अधिक आढळते काय, हा प्रश्न एखाद्या प्रबंधाला पुरेल एवढा आहे.

अध्यापनाविषयी दोन शब्द. संभाषणप्रधान वर्गात जोडीने बोलणे, भूमिका वठविणे, गोंगाटात ऐकून उत्तर देणे ह्या गोष्टी साधन म्हणून आल्या आणि हळूहळू साध्य होऊन बसल्या. तोंडी परीक्षेत भाषेला गुण दिले जातात की आत्मविश्वासाला, नजरेला आणि हसऱ्या चेहऱ्याला, हे परीक्षकाने स्वतःला विचारून पाहावे. युरोपीय परिषदेच्या २००१ च्या भाषाविषयक चौकटीने ग्रहण, निर्मिती आणि परस्परसंभाषण ही अंगे वेगवेगळी मोजण्याची सोय करून दिलेली आहे. ती सोय खऱ्या अर्थाने वापरली तर एका अंगातील उणीव दुसऱ्या अंगाला ग्रासणार नाही. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश केला आहे. परंतु सवलत म्हणून भाषेचा विषयच वगळणे, हा कायद्याचा सर्वात सोपा आणि सर्वात हानिकारक उपयोग होय. द्विभाषिक घरांतील स्वमग्न मुलांना एकाच भाषेत वाढवावे असा सल्ला अनेक पालकांना मिळत आला. कॅथरिन हॅम्ब्ली आणि एरिक फोंबोन यांच्या २०१२ च्या अभ्यासात द्विभाषिक वातावरणामुळे अशा मुलांच्या भाषाविकासात अधिक विलंब होत असल्याचे दिसून आले नाही. बहुभाषिक महाराष्ट्रात ह्या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. घरातील कोकणी, तेलुगू किंवा अहिराणी तोडून मुलाला एकट्या इंग्रजीच्या स्वाधीन करणे म्हणजे त्याला आजीपासून तोडणे होय.

७. उपसंहार

‘द माइंड ऑफ अ सॅव्हंट’ हा ग्रंथ मनाच्या घटकांचा वाद निर्णायकपणे सोडवीत नाही. त्यातील पुरावा त्याच्या प्रतिपादनापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि ग्रंथाचे टिकाऊ मोल ह्या गुंतागुंतीतच आहे. भाषा हा एकच पदार्थ नसून कोश, रूपे, रचना आणि प्रत्यक्ष वापर यांचे वेगवेगळे ग्रहण होते. त्यांपैकी कोणते आधी आणि कोणते नंतर यावे ह्याला एकच क्रम नाही. आणि सामाजिक व्यवहार हा भाषेचा एक दरवाजा असला तरी एकमेव दरवाजा नाही, एवढे ह्या परीक्षणातून निष्पन्न होते. ज्याला मागच्या दाराने, म्हणजे शब्दकोश आणि रूपावली यांच्या वाटेने, भाषेत यावयाचे आहे त्याला पुढच्या दाराशीच रांगेत उभे राहण्याचा आग्रह करणे शास्त्राला धरून नाही. तो आत येऊन कोणाशी काय बोलतो, हे ऐकून घेण्याचे काम मात्र अद्याप मुख्यत्वे अभ्यासकांकडूनच व्हावयाचे आहे.